खुणा पुसा, पिन लावा

टायमिंग बेल्ट बदलताना जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर व्हाइटनरने खुणा करायच्या, त्याच नव्या बेल्टवर उतरवायच्या आणि बेल्ट चढवून मोकळं व्हायचं, ही पद्धत आता बंद झाली पाहिजे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज असलेल्या माणसाने हे पेपरात लिहिलं की शेजारचे मिस्त्री चार दिवस चहाला हाक मारणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण वाकलेले व्हॉल्व्ह घेऊन त्या गाड्या शेवटी आमच्याच गल्लीत हेडच्या कामाला येतात.

ज्यांचा इंजिनाशी संबंध पेट्रोल भरण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रँक दोन फेरे फिरली की कॅम एक फेरा फिरतो. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, हे कॅम ठरवतो. क्रँक आणि कॅम यांचा मेळ राखतो तो बेल्ट किंवा चेन. आजच्या बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांच्या वाटा एकमेकांना छेदतात, फक्त वेळ वेगळी असते म्हणून टक्कर होत नाही. क्रँकच्या पुलीला वीस दात धरले, तर एक दात चुकणं म्हणजे क्रँकचे १८ अंश. एका दाताने गाडी बहुधा सुरू होते, पण चढाला ओढत नाही आणि तेल जास्त पिते. मालक इंजेक्टर साफ करतो, प्लग बदलतो, सेन्सर बदलतो. दात मात्र कुणी मोजत नाही. त्याहून जास्त चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात त्याचं बिल किती होतं ते विचारू नका.

खुणांऐवजी वापरायचं लॉकिंग टूल म्हणजे काही जादू नाही. एक पिन क्रँकला ठरलेल्या जागी अडवते, दुसरी पिन किंवा पट्टी कॅमला. दोन्ही अडकल्यावर बेल्ट चढवायचा, टेन्शनर लावायचा, बोल्ट कसायचे.

पेट्रोल डस्टरचं १.६ इंजिन घ्या. त्यात कॅमच्या पुलीवरच्या खुणांवर भिस्त ठेवायची नसते. हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला दोन बुचं असतात. ती स्क्रू ड्रायव्हरने भोसकून काढायची आणि काम झाल्यावर नवी बसवायची. बुचं निघाली की दोन्ही कॅमची टोकं दिसतात आणि प्रत्येकावर एक आडवी खाच. ती खाच बरोबर मध्यावर नसते, मध्याच्या किंचित खाली असते. मध्याच्या वर दिसली तर कॅम अर्ध्या फेऱ्याने उलटा आहे, म्हणजे क्रँक अजून एक फेरा फिरवा. मग ब्लॉकवरचा बोल्ट काढून तिथे पिन पिळायची आणि क्रँक घड्याळाच्या दिशेने हळूहळू आणून त्या पिनेला टेकवायची. टेकली की कॅमच्या दोन्ही खाचा एका ओळीत येतात आणि पोलादी पट्टी दोन्हींत अलगद बसते. हातोडी लागली, तर काहीतरी चुकलंय.

आता यातली खरी मेख. या इंजिनात क्रँकच्या दातेरी पुलीला चावी नाही. पुली फिरू नये म्हणून जो लोखंडी तुकडा बसवतात, तोच नाही. पुढचा बोल्ट ज्या जोराने कसला जातो त्याच्या दाबावर पुली धरून राहते. बोल्ट ढिला केला की पुली क्रँकवर मोकळी फिरते, म्हणजे तिच्यावर केलेल्या व्हाइटनरच्या खुणेला काडीची किंमत उरत नाही. याच कारणाने तिथले पृष्ठभाग ग्रीस पुसून कोरडे करावे लागतात आणि बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कने, मग ठरलेल्या कोनात कसावा लागतो. टॉर्क पाना भिंतीवर शोभेला टांगणाऱ्यांनी हे इंजिन उघडूच नये.

खुणांची दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. खूण आहे ती स्थिती टिपते, बरोबर स्थिती टिपत नाही. चेन लांबली असेल, बेल्ट आधीच उडी मारून बसला असेल किंवा मागच्या मिस्त्रीने एक दात चुकवला असेल, तर तुम्ही त्याची चूक इमानेइतबारे नव्या बेल्टवर उतरवता. आणि बेल्ट तुटूनच गाडी आली असेल तर खूण करणार कशावर?

सगळ्याच गाड्यांना पिन लागते असं माझं म्हणणं नाही. मारुतीच्या के सिरीज पेट्रोल इंजिनात चेनच्या काही कड्या वेगळ्या रंगाच्या असतात आणि गिअरांवर कंपनीनेच खुणा दिलेल्या असतात. त्या जुळवल्या की झालं. पद्मिनी आणि अँबेसेडरवर हात बसलेल्या आमच्या उस्तादांनीही अशाच कंपनीच्या खुणांवर आयुष्य काढलं. पण स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा आणि पुंटोत आलेलं १२४८ सीसीचं १.३ डिझेल इंजिन वेगळं. ते आपल्या रांजणगावातही बनत होतं. त्याला फ्लायव्हीलची एक पिन आणि दोन्ही कॅमना एकेक पिन लागते. तिथे पद्मिनीची विद्या चालत नाही.

उद्यमनगरात लेथवर काय बनत नाही? त्यामुळे घरी केलेल्या पिनाही भरपूर दिसतात. डस्टरच्या डिझेल इंजिनात कॅमच्या पुलीतल्या भोकात ८ मिमीच्या ड्रिलची दांडी घालणारे आहेत. व्यास नेमका असेल तर त्यावर मी भांडणार नाही. क्रँकची पिन मात्र घरी करू नये. तिथे लांबीलाही महत्त्व आहे, कारण क्रँक कुठे थांबायची ते पिनेचं टोक ठरवतं. पिन थोडी आखूड झाली की कोन बदलला.

किट विकत घेऊनही घोळ घालणारे आहेत. पिन लावलेली आहे, आता क्रँकचा बोल्ट खोलायला पाइप लावून जोर मारू, असं म्हणणारी पोरं मी रोज पाहतो. पिन जागा दाखवायला आहे, गाडीचा हँडब्रेक नव्हे. जोर पेलायला वेगळं टूल असतं. पिनेवर जोर दिला तर ती वाकते, तुटून आत पडते किंवा कॅमची खाच फोडते. आणि काम झाल्यावर पिना काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायची आणि पिना पुन्हा लावून बघायच्या. पुन्हा अलगद बसल्या तरच स्टार्टर मारायचा. या दोन फेऱ्यांना पाच मिनिटं लागतात आणि नेमका तेवढाच वेळ कुणाकडे नसतो. ‘चालतंय की’ म्हणून चावी फिरवली जाते.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. लॉकिंग किट काही हजारांत मिळतं, पण कुठल्या इंजिनाला कुठलं, बोल्टचा टॉर्क किती, कोन किती, ही माहिती बाहेरच्या गॅरेजला सरळ मिळत नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, त्यात मोटारींचा समावेश आहे. चांगलं आहे. पण पोर्टलवर कस्टमर केअरचा नंबर मिळून माझा बोल्ट कसला जात नाही. मला टॉर्कचा तक्ता हवा, मराठीत असला तर सोन्याहून पिवळं. आयटीआयमधून माझ्याकडे येणारी मुलं फळ्यावर चारही स्ट्रोक काढून दाखवतात, पण त्यांच्या हातात मी पहिल्यांदा पिन देतो. प्रत्येक आयटीआयत दोन-तीन प्रचलित इंजिनांची किटं ठेवायला किती खर्च येणार आहे?

गाडीमालकांना एवढंच सांगतो. टायमिंगचं काम टाकण्याआधी मिस्त्रीला विचारा, “या इंजिनाचं लॉकिंग किट आहे का? दाखवा.” त्याने व्हाइटनर दाखवला तर गाडी परत घ्या. किट दाखवलं तर मजुरीत घासाघीस करू नका, आणि ‘तासाभरात द्या’ असा तगादाही लावू नका.