विंचवाचे बिऱ्हाड

माझे एक स्नेही आहेत. आयुष्यभर त्यांनी गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून ते संगणकाचे प्रोग्रॅम लिहावयास शिकले. खेड्यांतील वाचनालयांसाठी त्यांनी एक लहानसा प्रोग्रॅम रचला: पुस्तकांची नोंद, वर्गणीदारांची यादी आणि कोणाच्या घरी कोणते पुस्तक किती दिवस अडकून पडले आहे त्याचा हिशेब. हे सारे त्यांनी लिनक्सवर केले; म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा आणि वाटावा अशा मुक्त संगणकप्रणालीवर. ओळखीच्या चार वाचनालयांना त्यांनी तो प्रोग्रॅम दिवाळीची भेट म्हणून पाठविला.

भेट एकाही दारातून आत जाईना. त्यांनी पॅकेज बांधले होते डेब पद्धतीचे. दोन ठिकाणी ते उघडलेच नाही, कारण तेथले लिनक्स आरपीएम कुळातले. तिसरीकडे डेबच चाले. पण तेथील प्रणाली थोडी जुनी, त्यामुळे 'जी-लिबसी 2.34 सापडत नाही' एवढा निरोप पडद्यावर उमटला आणि प्रोग्रॅम गप्प झाला. चौथीकडे प्रणाली इतकी नवी, की ह्यांना लागणारी एक लायब्ररी तिने केव्हाच मोडीत काढलेली. वाचनालयाचा प्रोग्रॅम लायब्ररीवाचून अडावा, ह्यातला विनोद त्या गृहस्थांना त्या दिवशी कळला नाही, आणि मी तो त्यांना सांगितलाही नाही.

मुक्त संगणकवाल्यांपुढे ही तक्रार नेली की ते एक भारदस्त शब्द तोंडावर फेकतात: वैविध्य! माझा वाद ह्या शब्दाशी आहे. वैविध्य मलाही हवे. परंतु घरोघरी चुली वेगळ्या असणे निराळे, आणि एका घरचे सरपण दुसऱ्या घरच्या चुलीत जाऊच नये अशी व्यवस्था असणे निराळे. पहिल्याला संसार म्हणतात. दुसऱ्याला सवता सुभा.

मुळात भांडण कशाचे आहे ते तरी पाहू. इयन मर्डॉक यांनी 1993 साली डेबियन सुरू केले. त्या घराण्याचे डेब. रेड हॅटने 1995 साली आरपीएम आणले. आर्च लिनक्सने 2002 मध्ये पॅकमन नावाची तिसरी चूल मांडली. पण ही पॅकेजे उघडून पाहिली तर आत काय निघते? डेब म्हणजे एक साधे गाठोडे: आवृत्ती सांगणारी एक चिठ्ठी, माहितीची एक पुरचुंडी आणि प्रत्यक्ष मालाची दुसरी. आरपीएममध्येही वर माहितीचा मथळा आणि खाली माल. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारे 'एलियन' नावाचे साधन वर्षानुवर्षे उपलब्ध आहे. म्हणजे भांडण पोत्यांचे नाहीच! धान्य ह्या पोत्यातून त्या पोत्यात ओतता येते.

खरी अडचण धान्य ओतल्यानंतर सुरू होते. एकच अपाशे सर्व्हर डेबियनकडे 'अपाशे 2' ह्या नावाने राहतो आणि फेडोराकडे 'एचटीटीपीडी' ह्या नावाने. ओपनएसएसएल घेऊन प्रोग्रॅम घडविणाऱ्याने एकीकडे 'लिबएसएसएल-डेव्ह' मागावे, दुसरीकडे 'ओपनएसएसएल-डेव्हल'. आणि नावे जुळली तरी आवृत्त्या जुळत नाहीत.

मिरज स्टेशनात एके काळी तीन रुंदीचे रूळ येऊन भिडत. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चढत नसे. माल हमालांच्या पाठीवरून जाई. पोती सगळीकडे सारखी केली असती म्हणून त्या पाठीवरचा भार कमी झाला असता काय? दोष पोत्याचा नव्हता, रुळांच्या रुंदीचा होता. आमचे पॅकेजवाले गेली तीस वर्षे पोती शिवीत बसले आहेत.

रूळ सारखे करण्याचा यत्न झालाच नाही असे नाही. 'लिनक्स स्टँडर्ड बेस' ह्या नावाने 2001 साली एक संहिता निघाली. पुढे तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाही मिळाला. पण तिने पॅकेजसाठी आरपीएम ठरविले, म्हणजे पहिल्याच बैठकीत पोत्याचा प्रश्न पुन्हा मांडून ठेवला. 2015 साली डेबियनने त्या संहितेचा बहुतेक भाग सोडून दिला. आज तिचे नाव निघते ते इतिहास सांगताना.

मग नवे वैद्य आले. त्यांचे औषध असे, की प्रोग्रॅमने आपल्याला लागणारे सारे सामान बरोबरच न्यावे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर! पण हे बिऱ्हाडही एक असते तर! ॲपइमेज, स्नॅप आणि फ्लॅटपॅक अशी तीन झाली. 2020 साली लिनक्स मिंटने स्नॅपला दारात अडविले. 2023 साली उबुंटूच्या उपशाखांनी फ्लॅटपॅक आपल्या मूळ संचातून वगळले. जे भांडण मिटविण्यासाठी ही मंडळी आली, तेच त्यांनी माडीवर नेऊन मांडले.

प्रतिपक्षाची बाजूही मी सांगितली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, 'लायब्ररी सर्वांची सामाईक असली की दुरुस्ती एकदाच करावी लागते.' खरे आहे. 2014 साली ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचे भगदाड सापडले, तेव्हा ज्यांची लायब्ररी सामाईक होती त्यांनी ती एके ठिकाणी बुजविली आणि तिच्यावर विसंबलेले सारे प्रोग्रॅम सुरक्षित झाले. जो तो आपली प्रत पाठीवर घेऊन हिंडता तर प्रत्येकाची पाठ वेगळी तपासावी लागती. मी हे सारे मान्य करतो. म्हणूनच तर म्हणतो, की बिऱ्हाड पाठीवर घेणे हा उपाय नव्हे; विश्वासाने टेकता येईल असे घर हवे.

तसे वचन देता येते ह्याचा पुरावा लिनक्सच्या पोटातच आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नेलसाठी एक नियम कडकपणे पाळला: नव्या कर्नेलने जुना, चालता प्रोग्रॅम मोडता कामा नये. तेच टोरवाल्ड्स 2014 साली डेबियनच्या संमेलनात उभे राहिले आणि त्यांनी सुनावले, की पाणबुड्यांच्या नोंदवहीचा आपला प्रोग्रॅम आपण विंडोज आणि मॅकसाठी तयार करून देतो, लिनक्ससाठी मात्र देत नाही. लिनक्सच्या जनकाची ही कथा. तेथे गणिताच्या मास्तरांची काय मातबरी?

माझी मागणी एवढीच आहे. मोठ्या वितरणांनी एकत्र बसून मोजक्या पायाभूत लायब्रऱ्या ठरवाव्या, त्यांना एकच नाव द्यावे, आणि त्यांवर बांधलेला प्रोग्रॅम दहा वर्षे चालेल असे जाहीर वचन द्यावे. पुढे पोते ज्याने त्याने आपल्या आवडीच्या रंगाचे शिवावे. ह्यात कोणाचे स्वातंत्र्य बुडते ते मला दाखवावे. मजकूर वाचण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य आपण अभिमानाने मिरवितो. परंतु स्वतः केलेली वस्तू शेजाऱ्याच्या हाती देता येणे, हेही स्वातंत्र्यच नव्हे काय?

स्नेह्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. तीन महिने खटपट करून ते थकले आणि त्यांनी त्या प्रोग्रॅमची विंडोजची प्रत काढली. ती प्रत मी, केवळ हट्टाने, वाईनच्या आधाराने लिनक्सवर उघडली. (नाव ऐकून कोणी दचकू नये, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालविणारा हा 1993 पासूनचा प्रकल्प आहे.) आणि काय सांगावे! तीच एक प्रत चारही वाचनालयांत निमूटपणे चालू लागली: डेबवर, आरपीएमवर, जुन्यावर, नव्यावर.

म्हणजे लिनक्सच्या एका घरातून दुसऱ्या घरात जावयाचे तर परक्याचा अंगरखा घालून जावे लागते. स्नेह्यांना मी हे मोठ्या आनंदाने कळविले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग मी विंडोजवरच लिहीत जाऊ का?"

मजजवळ उत्तर नव्हते. ज्यांच्याजवळ ते असावयास हवे, त्यांनी ते द्यावे.