भिंतीवरची बंदूक

गेल्या वैशाखांत श्रीगोंदे तालुक्यांतील एका वाचकभगिनींचें पत्र आलें. समया, पोथ्या, शिसवी पेट्या असल्या घरगुती जुन्या वस्तूंच्या निगेविषयींच्या ह्या सदरांत बंदुकीची गोष्ट काढावी कीं काढूं नये, असा संकोच त्यांनीं आरंभींच बोलून दाखविला होता. संकोचाचें कांहीं कारण नव्हतें. ज्या वाड्यांत पोथ्यांचें बासन, त्याच वाड्यांत खुंटीला बंदूक, हें देशावरील वतनदार घराण्यांत नवल नव्हे. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर काळविटांचे कळप हिंडत, उभ्या ज्वारींत शिरत, आणि पिकाच्या राखणीसाठीं म्हणा कीं हौसेसाठीं म्हणा, बंदूक बाळगणारीं घरें त्या भागांत होतीं.

पत्रांतील हकीकत अशी. बाईंचे यजमान गेल्या वर्षीं निवर्तले. त्यांच्या मागें घरांत दोन बंदुका राहिल्या. एक आजेसासऱ्यांची शिकारीची रायफल. तिच्या नळीवर कांहीं परकीं अक्षरें आहेत, तीं कोणास लागत नाहींत. दुसरी देवघराच्या दारावर टांगलेली तोड्याची बंदूक. ती किती जुनी हें घरांत कोणास ठाऊक नाहीं. दसऱ्यास तिची पूजा होते एवढेंच. आतां पुतण्याचा आग्रह असा पडला आहे कीं, दोन्ही बंदुका कारागिराकडे देऊन लखलखीत करून आणाव्या. रायफलीला निकलचा मुलामा द्यावा, तोड्याच्या बंदुकीचा मोडका चाप नवा घडवून बसवावा, आणि दिवाणखान्यांत ह्या दोघींना समोरासमोर लावावें. बाईंनीं आम्हांस विचारलें तें एवढेंच, कीं असा कारागीर कोठें मिळेल?

कारागिराचा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा, कीं ह्या बंदुका आज घरांत आहेत त्या कोणाच्या परवान्यावर? रायफलीचा परवाना यजमानांच्या नांवाचा होता. वारसाला शस्त्राची मालकी मिळते. तें जवळ बाळगण्याचा अधिकार मात्र स्वतःचा परवाना निघाल्यावांचून मिळत नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें अशा वेळीं विनाविलंब तें शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. पुढें वारसाचा परवाना झाला म्हणजे तें परत मिळतें, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या इसमास रीतसर विकतां येतें. पूर्वीं एका माणसास तीन शस्त्रें ठेवतां येत. २०१९ च्या दुरुस्तीनें ती मर्यादा दोनांवर आली आहे, आणि वडिलोपार्जित शस्त्रहि त्या दोहोंतच मोजलें जातें. दुरुस्तीहि परवाना असलेल्या बंदूकवाल्यानेंच करावयाची. गांवच्या लोहाराकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानांत बंदूक नेणें म्हणजे त्याला आणि आपणांला दोघांनाहि गोत्यांत घालणें होय.

तोड्याच्या बंदुकीची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. त्याच कायद्यानें जुन्या घडणीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या अथवा मोडक्या शस्त्रांना सूट दिली आहे. मात्र अट अशी, कीं तें शस्त्र दुरुस्त करूनहि उडविण्याजोगें होतां कामा नये. आतां पुतण्याच्या बेताकडे पाहावें. तो मोडका चाप नवा बसवूं पाहतो, म्हणजे निरुपद्रवी कुलचिन्हाचें उडणारें शस्त्र करूं पाहतो. चाप बसला कीं सूट गेली, आणि विनापरवाना बंदूक घरांत ठेविल्याचा आरोप पुढें उभा! बरें, आजची मोडकी स्थिति तरी सुटीस पात्र आहे कीं नाहीं, हा निवाडा घरांतील कोणीं करूं नये. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कचेरींत शस्त्राचें वर्णन देऊन लेखी उत्तर घ्यावें.

भिंतीवर बंदुकीच्या शेजारीं काळविटाचीं शिंगें असतील तर त्यांचाहि विचार व्हावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाची शिकार बंद झाली, आणि असलीं शिंगें-कातडीं घरीं ठेवावयास मालकीचा दाखला लागूं लागला. ज्या कर्जत तालुक्यांत ह्या रायफली चालल्या, त्याच तालुक्यांत रेहेकुरीला १९८० सालीं काळविटांसाठीं अभयारण्य झालें. क्षेत्र अवघें सव्वादोन चौरस किलोमीटरांच्या आंतलें; पण सकाळीं लौकर गेल्यास कळप दिसतो.

आतां रायफलीकडे वळूं. बाईंनीं नळीचें छायाचित्र धाडलें होतें, त्यावरील नांव ‘हुस्क्वार्ना’ असें लागतें. हें स्वीडन देशांतील एका धबधब्याकाठच्या गांवाचें नांव. तेथें राजाज्ञेनें १६८९ सालीं बंदुकांच्या नळ्या कोरण्याचा कारखाना निघाला. लष्कराची मागणी कमी झाली तेव्हां तो शिकारीच्या बंदुकांकडे वळला, १८७२ पासून शिवणयंत्रें करूं लागला, पुढें सायकली आणि मोटारसायकलीहि. आज त्या नांवाच्या झाडें कापण्याच्या करवती आपल्याकडेहि मिळतात. बंदुका मात्र आतां होत नाहींत. म्हणूनच जगभरचे संग्राहक त्या शोधीत असतात.

ह्या संग्राहकांची दृष्टि आमच्या पुतण्यांनीं शिकण्यासारखी आहे. स्वीडनच्या लष्करानें १८९६ सालीं स्वीकारलेल्या माउझर रायफलीच्या दस्त्यावर पितळेची एक गोल चकती असते. नळी आंतून किती झिजली आहे, तिला कितपत डाग पडले आहेत, हें त्या चकतीवर खुणेनें नोंदविलेलें असे. शस्त्राचा दोष शस्त्राच्याच अंगावर उघड लिहिलेला! पुढें त्यांतल्या पुष्कळ रायफली शिकाऱ्यांच्या हातीं गेल्या. कित्येकांनीं नळी आंखूड केली, दस्ता तासला, चकती काढून टाकली. आज ज्या रायफलीचे सारे भाग एकाच क्रमांकाचे आहेत, चकती जागच्या जागीं आहे, ती थोडी डागाळलेली असली तरी तिला अधिक मान मिळतो. आणि तासून घासून नवी केलेली मागें राहते. निकलचा मुलामा द्यावयाचा म्हणजे आधीं नळीवरचा मूळचा काळसर निळा रंग उतरवावा लागतो, पृष्ठभाग घासावा लागतो, आणि त्या घासण्यांत नांव, क्रमांक, परीक्षेचे छाप सारे बोथट होतात. मुलामा पुन्हां काढतां येईल. गेलेलें अक्षर परत येणार नाहीं.

मग करावें काय? परवान्याची व्यवस्था लागून रायफल घरीं आल्यावर करावयाचें काम फार थोडें आहे. लोखंडावरचा गंज दोन जातींचा असतो. गडद तपकिरी, गुळगुळीत, बोटाला न लागणारा थर हा जुनेपणाचा आहे. त्याला हात लावूं नये. नारिंगी, भुकटीसारखा, बोटाला लागणारा गंज हा जिवंत. तो पातळ तेलांत भिजविलेल्या मऊ कापडानें पुन्हां पुन्हां टिपावा, फारच हट्टी असल्यास अगदीं बारीक पोलादी लोकरीनें तेलावरच हलकेंच चोळावा. घांसकागद वापरूं नये. आपल्या भगिनी चिंच आणि रांगोळीनें पितळ उजळवितात, तो प्रयोग बंदुकीवर कदापि नको. दस्त्याच्या लांकडाला जवसाच्या तेलाचे दोनचार थेंब तळहातानें जिरवावे, चकाकीचें व्हार्निश देऊं नये. चामड्याच्या म्यानांत बंदूक कायमची ठेवणें ही सर्वसाधारण चूक. चामडें ओल धरतें आणि नळी खातें. श्रीगोंदे-जामखेडकडची हवा कोरडी, तेथें वर्षाकांठीं दोनदां तेलाचा हात पुरतो. अकोल्याच्या डोंगराकडे पावसाळ्यांत दर पंधरवड्याला पाहावें लागेल. आणि दसऱ्याला ओलें गंध लोखंडावर लावूं नये. बाईंच्या तोड्याच्या बंदुकीवर एकाखालीं एक गंजाचे गोल डाग आहेत, ते वर्षानुवर्षांच्या गंधाचेच असावेत. पाटावर गंध लावावें, बंदुकीला सुकें फूल वाहावें. देवता रागावणार नाहीं.

जुनें शस्त्र म्हणजे मोडीचें लोखंड, असें समजणारे सर्व काळीं झाले. मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ सालीं आमच्या नगरांतच ओतली गेली. पुढें ती विजापूरला गेली. तिचा १८५४ सालीं लिलाव झाला आणि सर्वांत मोठी बोली आली दीडशें रुपयांची! विक्री रद्द झाली म्हणून ती आज बुरुजावर दिसते. घरीं ठेवणें जमत नसेल तर संग्रहालयास विचारावें. पुण्याला दिनकर केळकरांनीं दिवे, अडकित्ते, शस्त्रें अशा वस्तु जन्मभर जमवून उभारलेला संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र सरकारच्या हवालीं केला. नगरलाहि १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. पुतण्यानें तेथें एकदां जाऊन यावें; लढाईंत वापरलेलें यंत्र निकल न चढवितां कसें उभें करतात तें पाहावयास मिळेल.

एक गोष्ट मात्र हा अंक निघेपर्यंत थांबण्यासारखी नव्हती, म्हणून बाईंस टपालानें ताबडतोब कळविली. ठासणीच्या आणि तोड्याच्या जुन्या बंदुका पुष्कळदां भरलेल्याच राहून गेलेल्या असतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनींहि पेटते. परीक्षा सोपी आहे. नळीच्या तोंडापासून दूर उभें राहून बांबूची बारीक काडी हलकेंच आंत सोडावी, लोखंडी सळई नव्हे. ती थांबेल तेथें तोंडाशीं खूण करावी, आणि काडी बाहेर नळीलगत धरून पाहावी. टोंक कानापर्यंत, म्हणजे रंजकाच्या भोंकापर्यंत, पोंचलें तर नळी रिकामी.

बाईंचें उत्तर आठच दिवसांत आलें. काडी एक वीत अलीकडेच थांबली. पोलीस ठाण्यांतून माणसें येऊन रायफलीबरोबर तीहि बंदूक घेऊन गेलीं, दोहोंची पावती मिळाली, आणि पुतण्यानें भट्टीवाल्याला दिलेला विसार परत मागितला आहे.