पूररेषा खरेदीखतावर हवी

पुण्यात २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले, त्या दिवशी खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकपर्यंत गेला होता. त्यानंतरची सगळी चर्चा एकाच मुद्द्याभोवती फिरली: लोकांना वेळेत का कळवले नाही? प्रश्न रास्त आहे. पण पूर्वसूचनेने माणसे वाचतात, गाड्या हलवता येतात. तळमजल्यावरचे घर हलत नाही. धरणातले पाणी आधीच का सोडले नाही, या प्रश्नालाही मर्यादा आहे. खडकवासल्याची साठवण अवघी १.९७ टीएमसी, ३५ हजार क्युसेकने वाहणारे पाणी तेवढे भांडे सोळा तासांच्या आत भरते. शिवाय धरणाच्या खाली पडलेला पाऊस कोणत्याच दरवाजाला विचारून येत नाही. नदीकाठच्या रहिवाशाला सूचना हवी ती पाणी सुटण्याच्या आदल्या रात्री नव्हे, घराचा व्यवहार ठरण्याआधी.

ही माहिती सरकारकडे नाही असे नाही. जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये घरे बांधायला मनाई आहे. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. आता गृहकर्जाचा हिशेब लावून पाहा. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी चार टक्के शक्यता. वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, सुमारे ५६ टक्के! लाल रेषेच्या पुराचीही ती १८ टक्क्यांवर जाते. इतकी जोखीम घेणाऱ्याला ती खरेदीखतात, महारेराच्या प्रकल्प नोंदणीत आणि बँकेच्या मंजुरीपत्रात ठळक अक्षरांत दिसलीच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येईल तो भाव पडण्याचा. भाव पडतील, हे खरे. पण पूर येऊन गेल्यावर ते पडतातच. तेव्हा तोटा फक्त आत अडकलेल्याचा होतो. जे आधीच तिथे राहतात त्यांच्यासाठी हा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांना महापालिकेने परवानगी देऊन वसू दिले, त्यांचे पुनर्वसन ही महापालिकेचीच जबाबदारी ठरते. ती टाळण्यासाठी नव्या खरेदीदाराला अंधारात ठेवणे हा काही न्याय नव्हे. दुसरा आक्षेप असा, की पूर रेषेबाहेरही येतो. बरोबर आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाहाकार उडवला तो मुठेने नव्हे, कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याने. पात्र आवळलेल्या ओढ्यांच्याही रेषा आखा आणि वाढत्या काँक्रीटचा हिशेब धरून त्या ठरावीक काळाने तपासा, एवढाच त्याचा अर्थ. रेषा अपुरी आहे म्हणून ती लपवावी, हा युक्तिवाद बिल्डरच्या सोयीचा आहे.

कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. नदी किंवा ओढ्याजवळ फ्लॅट घेत असाल तर टोकन देण्याआधी विकास आराखड्यातला त्या सर्व्हे नंबरचा नकाशा मागा, इमारत कोणत्या रेषेत येते ते लेखी घ्या, आणि लेखी द्यायला नकार मिळाला तर पैसे देऊ नका.