थैली कोणाची, किल्ली कोणाची?



धावड्याच्या पारावर परवा कंपनी काढण्याचा विषय निघाला आणि पहिलाच प्रश्न आला, "पैसा कोण देणार?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा असा : पैसा देणारा बदल्यात काय मागणार?

सावकाराच्या ओट्यावर हा प्रश्न आपल्याला कुणी शिकवावा लागला नाही. कंपनी म्हटले की मात्र आपण तो विसरतो. अनुदान देणारा कागद आणि मुदत मागतो. बँक हप्ता मागते. कापूस वेचलेला असो की बोंडात असो. भागभांडवल घालणारा हप्ता मागत नाही. तो मत मागतो, आणि काही वर्षांनी आपला हिस्सा चढ्या भावाने विकून बाहेर पडायची वाट मागतो.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको ही बियाण्याची कंपनी उभी केली. 1998 साली मोन्सँटो या अमेरिकी कंपनीने तिच्यात 26 टक्के हिस्सा घेतला. त्यांच्या भागीदारीतले बीटी तंत्रज्ञान 2002 पासून आपल्या कापसात आले. तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. पण 26 हा आकडा ध्यानात ठेवा. कंपनी कायद्यात विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात. ज्याच्या हाती पावाहून जास्त मते, तो असा ठराव अडवू शकतो.

2002 सालीच कायद्यात शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीची तरतूद झाली. एक सभासद, एक मत. बाहेरच्याला भाग विकता येत नाही. कुंपण पक्के झाले, पण बाहेरच्या भांडवलाची वाटही अडली. नाशिकच्या सह्याद्रीने यावर तोड काढली. उत्पादक कंपनीच्या अंगाखाली दुसरी कंपनी काढून तिच्यात 2022 साली युरोपातल्या गुंतवणूकदारांचे सुमारे 310 कोटी रुपये घेतले. पण त्याआधी दहा-अकरा वर्षे त्यांनी माल विकून, हिशेब दाखवून पत कमावली होती. शिवाय ती द्राक्षाची बागायत. आपला कापूस पावसाच्या भरवशावर.

आता आपला हिशेब. केंद्र सरकारने 2020 साली दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणली. व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत, बोट धरून चालवायला एक संस्था, आणि सभासदाच्या भागाइतकीच सरकारी भर. माणशी 2000 रुपयांपर्यंत, कंपनीला एकूण 15 लाखांपर्यंत. 300 सभासदांनी 2000 प्रमाणे 6 लाख जमवले तर भर धरून 12 लाख होतात. क्विंटलला 7000 धरले, तर त्यात पावणेदोनशे क्विंटल कापूसही येत नाही. कोरडवाहूत घरटी बारा-पंधरा क्विंटल धरा. अकरा ते चौदा घरांत थैली रिकामी! बाकीची घरे कोणाच्या काट्यावर जाणार?

इथे आमची चूक कबूल करतो. एका गटाला आम्हीच अनुदानातून यंत्र घ्यायला लावले. शेड झाले, यंत्र आले; माल घ्यायला रोकड राहिली नाही. माल खेडा खरेदीवाल्याकडे गेला, कारण तो वजन होताच नोटा मोजतो. यंत्राला पैसा मिळतो, खेळत्या भांडवलाला मिळत नाही. गट तिथेच बसला. कृषी पदवीच्या पुस्तकात हे नव्हते. गटाच्या पैशावर शिकलो.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमचे म्हणणे तीन कलमांत मांडतो. एक, अर्ज करण्याआधी गावातले भाग रोखीने जमवा. शेजाऱ्याचे 2000 मिळत नसतील तर परक्याचे लाख मागू नका. दोन, पहिल्या वर्षी कापसाला हात घालू नका. शाळू चाळून, प्रत लावून विका. थोडी रक्कम हंगामात दोनदा फिरली पाहिजे. तीन, पैशाचा कोणताही कागद बैठकीत मोठ्याने वाचल्याशिवाय संचालकांनी सही करू नये. समजला नाही, तर पुन्हा वाचावा.

मदतीची मुदत तीन वर्षांत सरते. चौथ्या वर्षी व्यवस्थापकाचा पगार आपल्याच धंद्यातून निघाला, तर कंपनी आपली. नाही निघाला, तर दाराशी येईल त्याची अट मान्य करावी लागेल. किल्ली कमरेला ठेवायची असेल तर थैलीत पहिला रुपया आपला पडू द्या.