'सावधान' टाकलंत, आता 'चुकलं' कोण टाकणार?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.

मागच्या मंगळवारी बाजाराच्या दिवशी आपल्या गावात जे झालं, त्याचा व्हिडिओ तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलाय. मीही पाहिला. पण ती सगळी भानगड सुरू झाली माझ्या ग्रुपवरून, हे फार कमी जणांना माहीत आहे. म्हणून मीच सांगतो.

केसांवर भांडी देणाऱ्या बायका आपल्याकडे वर्षानुवर्षं येतात. विंचरताना गळालेले केस घरातल्या बाया पिशवीत साठवून ठेवतात. त्या केसांवर एखादी वाटी, डबा मिळतो, पोराच्या हातात एक फुगा. अशीच एक पन्नाशीची बाई सोमवारी संध्याकाळी एका कॉलनीत फिरत होती. सोबत चार वर्षांचा नातू. कुणीतरी गॅलरीतून तिचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "सावधान! मुलं पळवणारी टोळी शहरात दाखल. फुगा देऊन मुलांना बेशुद्ध करतात. जास्तीत जास्त शेअर करा."

रात्री अकराच्या सुमारास हा मेसेज माझ्या ग्रुपवर पडला. ग्रुपमध्ये नऊशेच्या वर माणसं. मी तो बघितला. बावीस वर्षं पत्रकारितेत काढलीत, डिप्लोमा केलाय, असला मेसेज खोटा असतो हे मला शेंबड्या पोराइतकं तरी कळतं. पण मनात आलं, असेलही काही, सकाळी ठाण्यात फोन करून विचारू. आणि मोबाईल चार्जिंगला लावून झोपलो.

सकाळपर्यंत तो मेसेज गावभर. आणि वर शिक्का काय, तर "पत्रकारांच्या ग्रुपवर आलंय, म्हणजे खरंच असणार."

दहाच्या सुमारास त्या बाईला गराडा पडला. "पोरगं कुणाचं, बोल." पोरगं आजीला घट्ट धरून रडत होतं. आमच्या शूर नागरिकांनी मूल वाचवायचं म्हणून तिच्याच नातवाला तिच्या कडेवरून ओढून काढलं. तिला दोन-तीन जणांनी थोबाडीत मारलं, एकीने झिंज्या धरल्या. भांडी पायाखाली गेली. एक हवालदार आणि समोरचा मेडिकलवाला मध्ये पडले म्हणून ती वाचली. ठाण्यात कागदपत्रं बघितली, मुलगी बसस्थानकावर बाकीचा माल घेऊन बसली होती तिला बोलावलं, खात्री झाली. तक्रार द्यायची का विचारलं तर म्हणाली, "नको साहेब, आमाला फकस्त जाऊ द्या." दोनच्या एसटीने ते तिघं गेले.

आता कुणी म्हणेल, एवढं काय झालं, दोन चापट्याच ना? त्यांनी राईनपाडा आठवावं. ते काही आपल्यापासून लांब नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. साक्री तालुक्यातल्या त्या गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं बसमधून उतरली. बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. पाचही. त्याच रात्री मालेगावात पोलिसांनी एका कुटुंबाला जमावाच्या हातून कसंबसं सोडवलं. त्या वर्षी देशभर जो व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरून दोघं येतात आणि मूल उचलून नेतात, तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढा शेवट कापून टाकला होता.

तेव्हा मी अग्रलेखासारखी मोठी पोस्ट लिहिली होती. साडेचारशे लाईक. आणि मागच्या सोमवारी रात्री अकरा वाजता मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

शाळेच्या निबंधात असतं तसं "सोशल मीडिया ही दुधारी तलवार आहे, वापर आपल्या हातात" हे वाक्य आता बंद करा. तलवार आपोआप चालत नाही. मंगळवारी ती कुणी चालवली ते व्हिडिओत स्पष्ट दिसतंय, आणि कुणी धार लावून दिली तेही या पोस्टमध्ये आहे.

मोबाईल फेकून द्या म्हणणाऱ्यांतला मी नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये याच ग्रुपवर आपण ऑक्सिजनचे बेड शोधले, रात्री दोन वाजता लोक उत्तर देत होते. डेंग्यूच्या पेशंटला प्लेटलेट लागल्या तर आजही अर्ध्या तासात दाते उभे राहतात. कांदेवाला शेतकरी गाडी भरण्याआधी लासलगावचा भाव बघतो, त्यामुळे व्यापाऱ्याला त्याला सरळ सरळ गंडवता येत नाही. मी या धंद्यात आलो तेव्हा बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचो आणि जिल्ह्याच्या ऑफिसातला पोरगा ते स्टँडवर जाऊन घ्यायचा. गाडी पंक्चर झाली की बातमी शिळी. ते दिवस परत आणा असं कुणी म्हणालं तर मीच त्याच्याशी भांडेन.

पण त्या दिवसांत एक गोष्ट होती. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते. मालक, मुद्रक, प्रकाशक यांनी अमुक ठिकाणी छापून तमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक. कुणी वाचत नाही ती. पण ती इंग्रजांच्या १८६७च्या कायद्यापासून आहे आणि तिचा अर्थ एवढाच की चूक झाली तर कॉलर कुणाची धरायची ते छापलेलं आहे. माझ्या एका बातमीत आरोपीचं आडनाव चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची दिलगिरी आली आणि मला ऑफिसात उभं करून झापलं. ते आडनाव आजही माझ्या लक्षात आहे. फॉरवर्डच्या तळाशी काय असतं? काहीच नाही. वर लिहिलेलं असतं 'फॉरवर्डेड'. म्हणजे मी नाही, दुसऱ्याने.

आता अ‍ॅडमिन मंडळींकडे वळतो. तुम्ही मला फोन करून नागपूर खंडपीठाचा निकाल ऐकवलात. मला तो माहीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याने काही टाकलं आणि अ‍ॅडमिनचा त्यात समान हेतू नसेल, तर अ‍ॅडमिनवर गुन्हा होत नाही. बरोबर आहे तो निकाल. कुठल्या तरी टोणग्याने रात्री टाकलेल्या मेसेजसाठी झोपलेल्या माणसाला आत टाकू नये. पण त्याच निकालात एक मुद्दा होता की अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं. ते २०२१ला खरं होतं. २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दिली आहे. बोट दाबून धरायचं, बस्स. वाढदिवसाच्या बॅनरवर साहेबांचा फोटो विरोधकाने टाकला की हे बोट बरोबर चालतं. तेव्हा "आम्ही काय करणार" हे मला सांगू नका. आणि मी तर जागा होतो.

दुसरा फोन, "भाऊ, सावध केलं तर बिघडलं काय? खरं निघालं असतं तर?" खरं निघालं असतं तर ११२ आहे. मुलांसाठी १०९८ आहे. आपल्या ठाण्याचा नंबर निम्म्या गावाकडे आहे. फोटो काढणाऱ्याला मूल धोक्यात आहे असं मनापासून वाटलं असतं, तर तो आधी खाली उतरला असता, निदान फोन तरी लावला असता. त्याने शेअर केलं. मूल खरोखर हरवलेलं असतं तेव्हा मेसेजमध्ये आईबापाचा फोन असतो, ठाण्याचं नाव असतं, तारीख असते. यात यातलं काहीच नव्हतं. गरीब बाईचा चेहरा तेवढा होता.

आणि आपले न्यूज पोर्टलवाले बांधव. तिघांनी तो मारहाणीचा व्हिडिओ लोगो लावून चालवला. एकाने मथळा दिला "मुलं पळवणारी महिला? नागरिकांनी दिला चोप". प्रश्नचिन्ह लावलं की हात धुतले. दुपारी ठाण्यातून खुलासा आला, तो एकाने सहा तासांनी टाकला, दोघांनी अजून टाकलेला नाही. मला व्ह्यूजचं गणित कळतं रे बाबांनो, माझंही पोट त्याच जाहिरातींवर आहे. पण 'चुकलं' टाकायला एक मिनिट लागतं.

मी टाकलं. मंगळवारी दुपारी तीनला, माझ्या नावाने, त्याच ग्रुपवर. मेसेज खोटा होता, बाई निर्दोष आहे, तो मी रात्रीच काढायला हवा होता, चूक माझी. 'सावधान' तासाभरात गावभर गेलं होतं. 'चुकलं'ला अकरा अंगठे आले आणि ते कुणीही पुढे पाठवलं नाही. खाली लगेच कुणीतरी गुड आफ्टरनूनचं गुलाबाचं फूल टाकलं.

माझ्या ग्रुपवर त्याच दिवसापासून बदल केलाय. असा कुठलाही इशारा ठाण्यात विचारल्याशिवाय राहणार नाही, रात्री असेल तर आधी काढणार, मग विचारणार. त्यावर चाळीसेक जण ग्रुप सोडून गेले. जाऊ द्या.

त्या बाईची भांडी तुडवली गेली त्याचे पैसे मेडिकलवाल्याने आणि मी काढलेत. तिच्या मुलीचा नंबर ठाण्यात आहे, साहेबांच्या हातून पोचवणार आहोत. गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता बसस्थानकासमोरच्या हॉटेलात मी बसलेला असेन. अ‍ॅडमिन, पोर्टलवाले, आणि व्हिडिओत ज्यांचे हात दिसतायत तेसुद्धा, ज्यांना यायचंय त्यांनी या. चहा माझ्याकडून.