साधन कोणते, त्याआधी जबाबदार कोण?



संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला आता कोपायलट, कर्सर, क्लॉड कोड अशी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. कोणते घ्यायचे हे साहेब ठरवणार. पण प्रोग्रॅम चुकला की जाब विचारला जाणार बुकिंग क्लार्कला आणि टपाल सहायकाला!

ही भीती पोकळ नाही. ब्रिटनच्या टपाल खात्यात ‘होरायझन’ प्रणालीने हिशेबात नसलेली तूट दाखवली. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उपडाकपाल दोषी ठरले. त्या शिक्षा रद्द करायला २०२४ साली कायदा करावा लागला. तो प्रोग्रॅम तर माणसांनीच लिहिलेला होता!

‘काम झटपट होते’ म्हणणाऱ्यांनीही ऐकावे. ‘मेटर’ संस्थेच्या २०२५ च्या प्रयोगात १६ अनुभवी प्रोग्रॅमरना अशा साधनांमुळे १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना मात्र २० टक्के वाचला असे वाटत होते.

म्हणून आमचे तीन सवाल आहेत. प्रवाशांची व खातेदारांची माहिती बाहेरच्या कंपनीकडे जाणार का? क्वेनसारखी काही साधने आपल्याच संगणकावर चालवता येतात, त्यांचा विचार झाला का? आणि यंत्राने लिहिलेली प्रत्येक ओळ वाचून तिच्याखाली सही कोण करणार?

या सवालांची लेखी उत्तरे द्या, संघटनांशी चर्चा करा, मगच साधन निवडा. निवड वरच्यांची आणि शिक्षा खालच्यांना, हा न्याय आम्ही चालू देणार नाही!