आजाऱ्याचे फळ

मी लहान असताना आमच्या घरात मोसंबे हे फळ नव्हते, तो एक निरोप होता. आंबे उन्हाळ्यात येत, बोरे आणि पेरू थंडीत येत, सीताफळे दिवाळीच्या आगेमागे येत. मोसंबी मात्र तापाबरोबर येत. कागदी पिशवीतून चार मोसंबी घरात आली की समजावे, कोणीतरी अंथरुणाला खिळले आहे. नवव्या वर्षी मला विषमज्वर झाला तेव्हा बाबा गिरणीतून येताना रोज दोन मोसंबी आणीत. आई ती पिळून पेला माझ्या तोंडाला लावी, आणि धाकटा भाऊ उंबऱ्यावर बसून डोळे मोठे करून बघत राही. एके दिवशी त्याला राहवले नाही. त्याने विचारले, "आई, मला कधी गं ताप येणार?"

वाचकहो, हे सदर एरवी साहित्याच्या गप्पा मारते. दिवाळी अंकासाठी संपादकांनी फर्मावले, "यंदा काहीतरी रसपूर्ण येऊ द्या." मी त्यांचा शब्द शब्दशः घेतला आहे. आज मी रस काढणार आहे. संत्र्याचा, मोसंब्याचा आणि लिंबाचा, एकत्र.

मराठीच्या प्राध्यापकाला ही बुद्धी कशी झाली, ते आधी सांगतो.

आई आता ७८ वर्षांची आहे. सकाळी रक्तदाबाची एक गोळी, रात्री कोलेस्टेरॉलची एक; बाकी तक्रार नाही. गेल्या मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांच्या घरात खेळत असताना ती देवघरासमोरून उठता उठता मटकन खाली बसली. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. आजी पाणी फार कमी पितात. ताक, सरबत, फळांचा रस, काही ना काही पोटात जाऊ द्या."

मी येतानाच डझनभर मोसंबी घेऊन आलो. रस काढला, पेला तिच्यापुढे धरला. तिने पेल्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पेला बाजूला सारला.

"मला काय झालंय? मोसंब्याचा रस प्यायला मी काय खाटेवर पडलीय?"

मी समजूत घालू लागलो. ती उठून आत गेली. मला वाटले, म्हातारपणीचा हट्ट. रात्री आमची सौभाग्यवती म्हणाली, "तुमच्या कसं लक्षात येत नाही? बाबांच्या वेळचं आठवा की."

मग आठवले. बाबांचे शेवटचे १९ दिवस इस्पितळात गेले. आई त्यांच्या उशाशी बसून हाताने मोसंबी पिळी. आधी पेल्याने, मग वाटीने, शेवटी शेवटी चमच्याने पाजी. ते गेले त्या सकाळी खाटेजवळच्या कपाटावर दोन मोसंबी शिल्लक होती. मी डबा आवरला, चादर घडी केली, चष्मा खिशात टाकला. त्या दोन मोसंब्यांचे काय झाले, ते मला आठवत नाही. एवढे खरे, की त्यानंतर आमच्या घरात मोसंबे आले नव्हते, आणि ते आले नव्हते हेही माझ्या ध्यानात आले नव्हते. दिवसभर वर्गात काव्यातली सूचकता शिकवणाऱ्या माणसाची ही गत!

"नुसत्या मोसंब्याचा देऊ नका," सौभाग्यवतीने तोड काढली. "सगळं घाला, आणि सगळ्यांसाठी करा. घरादाराने घेतला, की तो आजाऱ्याचा उरत नाही."

अशा रीतीने रविवार सकाळचा रसाचा कारखाना माझ्याकडे आला.

लक्ष्मी मंडईत फिरताना पहिल्यांदा कळले, की आमचे गाव या बाबतीत किती नशीबवान आहे. मोसंबी मराठवाड्याकडून येतात, संत्री नागपूर-अमरावतीची, आणि लिंबे शेजारच्या विजयपूर जिल्ह्यातल्या इंडी तालुक्याची. आंबिया बहराची संत्री आणि मोसंबी नेमकी दिवाळीच्या सुमारास येतात. मृग बहराची फेब्रुवारी-मार्चकडे. पूर्व भागात राहणारे माझे एक तेलुगू स्नेही मोसंब्याला बत्ताई म्हणतात. मोसंबे या नावातच आफ्रिकेतला मोझांबिक दडलेला आहे. आपल्या संस्कृत नारंगाने तर इराण, अरबस्तान, स्पेन असा प्रवास केला आणि इंग्लंडात पोचेपर्यंत पहिला 'न' वाटेत हरवून ते 'ऑरेंज' झाले.

व्युत्पत्ती सोपी, रस अवघड. पहिल्या रविवारी मी मोसंबी सोलली आणि बियांसकट मिक्सरमध्ये फिरवली. रस गाळला, चाखला, साखरेसारखा गोड! दोन पेले फ्रीजमध्ये ठेवले आणि संध्याकाळी मोठ्या रुबाबाने पुढे केले. एका घोटात सर्वांची तोंडे वाकडी झाली. रस कडूजहर. परीक्षकांच्या बैठकीसारखा: सकाळी गोड, संध्याकाळी कडू.

रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याने कारण सांगितले. या फळांच्या बियांत आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या अस्तरात एक पदार्थ असतो. तो मूळचा कडू नसतो. पण बी चिरडली, अस्तर फाटले, की तो आंबट रसात उतरतो आणि हळूहळू त्याचे लिमोनिन बनते. ते मात्र अस्सल कडू. म्हणून नियम दोन: बी चिरडायची नाही, आणि रस ठेवायचा नाही.

आता माझी कृती. चार माणसांना चार मोसंबी, तीन संत्री आणि एक कागदी लिंबू पुरते. फळे फ्रीजमधली असली तर अर्धा तास बाहेर ठेवावीत. सालीसकट धुवावीत, कारण सुरी सालीवरची घाण आत नेते. मोसंबे ओट्यावर तळहाताने दाबून दोनदा लोळवावे, रस सुटा होतो. मग ते आडवे चिरावे, उभे नव्हे. आडवे चिरले की प्रत्येक फोडीचे तोंड उघडते. मधे उंचवटा असलेल्या काचेच्या भांड्यावर हलक्या हाताने फिरवावे. शेवटचा थेंब काढण्याच्या हट्टाला पेटू नये. त्या थेंबाबरोबर अस्तराचा कडूपणा येतो. संत्री सोलून, फोडींच्या बिया काढून, स्वच्छ धुतलेल्या पंचाच्या तुकड्यात घालून पिळावीत. दोन्ही रस एकत्र करून लिंबू सर्वांत शेवटी पिळावे, चिमटीभर मीठ घालावे, वाटल्यास आल्याच्या रसाचे चार थेंब. साखर नाही, पाणी नाही, बर्फ नाही. साधारण अर्धा लिटर रस होतो. चार लहान पेले भरावेत आणि उभ्या उभ्या संपवावेत.

लहान पेले का, तेही सांगतो. डॉक्टरांनी बजावले आहे, की फळ चावून खाणे केव्हाही श्रेष्ठ. रस काढला की चोथा जातो आणि साखर मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची मर्यादा सांगताना फळांच्या रसातली साखरही मोजायच्या साखरेतच धरली आहे. मधुमेह्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

तिसऱ्या रविवारी मी उत्साहाच्या भरात माळ्यावरचे पितळी पातेले काढले. कल्हई कधीच उडालेली. आई स्वयंपाकघराच्या दारातून जात होती, थबकली.

"अरे, पितळेत आंबट घालतात का? कळकेल की सगळं."

रसाच्या बाबतीत तिने उच्चारलेले हे पहिले वाक्य. मी मुकाट्याने स्टीलचे पातेले घेतले. पुढे वाचनात आले, की हा 'कळकण्याचा' धडा ब्रिटिश आरमारालाही फार महागात पडला होता. जेम्स लिंड या वैद्याने १७४७ साली एका जहाजावर स्कर्व्ही झालेल्या खलाशांना निरनिराळे उपचार देऊन पाहिले. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले. १७९५ पासून आरमारात लिंबाचा रस सुरू झाला. पण एकोणिसाव्या शतकात लिंबाची जात बदलली, रस साठवला जाऊ लागला, तांब्याच्या नळ्यांतून खेळवला जाऊ लागला. आणि त्याचा गुणच निघून गेला. १८७५ सालच्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत रस असूनही स्कर्व्हीने माणसे आडवी झाली. तांब्याच्या सहवासात क जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होते. पितळेतही तांबेच असते. आरमाराला आमच्या आईसारखी कोणी भेटली नाही, एवढेच.

गणपतीच्या दिवसांत मी मंडईतून मोठे थोरले पपनस आणले. दैवयोगाने वाटेत डॉक्टर भेटले. पिशवीत डोकावून म्हणाले, "हे आजींना नको हं." पपनस आणि त्याचे परदेशी भावंड ग्रेपफ्रूट ही फळे काही औषधांचे शरीरातले विघटन रोखतात, आणि नेहमीची गोळी दुप्पट-तिप्पट घेतल्यासारखी लागू होते, रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या त्यांतच येतात. कॅनडातल्या संशोधकांनी १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध केले. साध्या संत्र्याच्या रसाने तसे झाले नाही, हेही त्यांनीच नोंदवले. मी पपनस मुलाच्या हवाली केले. घरी गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज या फळाच्या वाटेस जाऊ नये.

तसे पाहिले तर ही सगळी मंडळी एकाच घरातली. मोसंबे ज्यांत मोडते ती गोड नारिंगे म्हणजे पपनस आणि संत्रे यांच्या घराण्यांचा संकर. कागदी लिंबाच्या अंगात महाळुंगाचे रक्त. होय, तेच महाळुंग, जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे, आणि ज्याच्या नावाचे एक गाव आमच्या माळशिरस तालुक्यात नांदते आहे. या कुळाचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम-ब्रह्मदेश-युनानच्या टापूत, असे २०१८ साली जनुकांच्या अभ्यासातून दाखवण्यात आले. तेव्हा तिघांना एका पातेल्यात घालणे म्हणजे दुरावलेल्या भावंडांना एका पंगतीला बसवणे.

व्याकरणात सांगायचे तर हा समाहार द्वंद्व. पण व्याकरणापेक्षा भरतमुनी मला जवळचे वाटतात. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावताना त्यांनी दाखला घेतला तो स्वयंपाकघराचाच: निरनिराळी द्रव्ये एकत्र येतात आणि त्यांतून एक निराळीच चव निपजते. वीस वर्षे हे मी फळ्यावर लिहून शिकवले. कळले ते ओट्याशी उभे राहून. मोसंब्यात संत्रे मिसळले, की मोसंबे फक्त मोसंबे उरत नाही.

आई ऐकत होती, पाहत होती. चौथ्या-पाचव्या रविवारी सगळ्यांबरोबर पेला हातात घेऊ लागली. एक घोट, दोन घोट, उरलेला नातवाला. आम्ही कोणी काही बोललो नाही.

परवा नव्या आंबिया बहराची मोसंबी आली. मी चिरत होतो. आई शेजारी स्टुलावर येऊन बसली आणि बिया वेचू लागली. वेचता वेचता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी दोन राहिली होती."

माझा हात थांबला.

"शेजारच्या खाटेवर एक बाई होती. तिचं कोणी आलेलं नसायचं. तिला दिली मी पिळून. तू डॉक्टरांकडे सह्या करायला गेला होतास तेव्हा."

म्हणजे बाबा गेल्यावरही तिने मोसंबी पिळली होती. मला शब्द सुचेना. तिलाही तो नको होता. मी लिंबू पिळले, मीठ टाकले, पेले भरले. आईने आपला पेला उचलला, सावकाश, या वेळी शेवटपर्यंत प्यायली, आणि रिकामा पेला खाली ठेवत म्हणाली,

"लिंबू कमी पडलंय. पाडव्याला पाहुणे येतील, तेव्हा मी करीन. तू नुसतं चिरून दे."